हौशी छायाचित्रकार आणि रोजच्या जगण्याचा इतिहास

मराठीत 'हौशी' हा शब्द कौतुकाने उच्चारला जातो, तसाच तो किंचित उपेक्षेनेही उच्चारला जातो. हौशी नट, हौशी गायक, हौशी कवी असे म्हणताना त्या माणसाच्या कलाप्रेमाला आपण दाद देतो आणि त्याच वेळी त्याला धंदेवाईक कलावंताच्या एक पायरी खाली बसवतो. छायाचित्रणाच्या बाबतीत मात्र ही पायऱ्यांची कल्पना टिकत नाही. भारतात ही कला रुजविण्यात हौशी मंडळींचा वाटा फार मोठा आहे. तिच्या पहिल्या संस्था त्यांच्याच उत्साहातून उभ्या राहिल्या. आणि पुढे घरोघरीच्या आल्बमांतून सामान्य माणसाच्या जगण्याचे जे चित्र साठत गेले, तेही बव्हंशी हौशी हातांनीच टिपलेले होते. इतिहासाच्या अभ्यासकाने ह्या नजरेकडे कसे पाहावे, तिच्यावर कितपत विसंबावे आणि तिने टिपलेले कसे जतन करावे, ह्या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. महाराष्ट्राबाहेर दीर्घकाळ वसलेल्या मराठी समाजाच्या दृष्टीने त्यांतला तिसरा प्रश्न विशेष निकडीचा आहे. त्याचे कारण लेखाच्या ओघात स्पष्ट होईल.

छायाचित्रणाची युक्ती १८३९ साली पॅरिस येथे जाहीर झाली आणि वर्ष उलटते न उलटते तोच कॅमेरे कलकत्त्याच्या बाजारात विक्रीस आले. मुंबईत १८५४ साली छायाचित्रण संस्थेची स्थापना झाली. कलकत्ता व मद्रास येथील संस्था त्यानंतरच्या, १८५६ सालच्या. मुंबईच्या संस्थेत लष्करी व मुलकी अधिकारी, डॉक्टर आणि व्यापारी ह्यांचा भरणा होता. आणि तीत डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही होते. प्राचीन लेखांचे वाचन, कुष्ठरोगावरील औषधाचा शोध, स्त्रीशिक्षण अशा अनेक उद्योगांत रमलेल्या भाऊ दाजींना ह्या नव्या विद्येचे आकर्षण वाटावे ह्यात नवल नाही. त्या पिढीच्या दृष्टीने कॅमेरा हे करमणुकीचे साधन नव्हते. सूक्ष्मदर्शक, दुर्बीण आणि छापखाना ह्यांच्याच मालिकेतले ते ज्ञानाचे एक उपकरण होते. १८५५ साली एल्फिन्स्टन विद्यालयात छायाचित्रणाचा वर्गही सुरू झाला, ह्यावरून विद्वानांच्या मनातले तिचे स्थान कळून येते.

ह्या काळातला हौशी म्हणजे कोण, हे समजण्यासाठी त्या वेळची कृती ध्यानात घेतली पाहिजे. १८५१ साली निघालेल्या ओल्या काचेच्या पद्धतीत काचेवर कोलोडियन ह्या चिकट द्रवाचा थर द्यावयाचा, ती काच रौप्यक्षाराच्या द्रावणात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवून चित्र घ्यावयाचे आणि ती वाळण्यापूर्वीच काळोख्या तंबूत नेऊन चित्र उमटवावयाचे, अशी सारी धांदल असे. आपल्याकडच्या उन्हात काच काही मिनिटांत वाळे. तेव्हा छायाचित्रकाराबरोबर पेट्या, बाटल्या, काचा, पाणी व तंबू वाहून नेणारी माणसे असत. ज्याला वेळ, पैसा आणि हाताखाली माणसे आहेत, त्यालाच ही हौस परवडे. ह्याचा परिणाम केवळ छायाचित्रकारांच्या संख्येवर झाला नाही, तर त्यांच्या विषयांवरही झाला. चित्र घेण्यास काही सेकंद लागत आणि तेवढा वेळ समोरची वस्तू निश्चल असावी लागे. देवळे, मशिदी, लेणी आणि किल्ले ह्यांच्याइतके निश्चल दुसरे काय असणार? त्यामुळे आरंभीच्या हौशी मंडळींचा पुष्कळसा प्रवास दगडांच्या दिशेने झाला. १८५५ साली तोफखान्यातील अधिकारी थॉमस बिग्ज ह्यांना मुंबई सरकारने विजापूर, बदामी, ऐहोळ ह्या बाजूच्या वास्तूंची छायाचित्रे घेण्याच्या कामी नेमले. पुढे त्यांना पलटणीत परत बोलावण्यात आले आणि ते काम विल्यम पिगू ह्या डॉक्टरकडे सोपविण्यात आले. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यात उमर घालविणारे मेजर रॉबर्ट गिल हेही पुढे कॅमेऱ्याकडे वळले. १८६६ साली लंडनजवळच्या स्फटिकगृहाच्या आगीत गिल ह्यांच्या रंगीत नकलांपैकी बहुतेक जळून गेल्या. त्यांनी घेतलेल्या लेण्यांच्या छायाचित्रांचे मोल त्यानंतर अधिकच वाढले. सैनिक, डॉक्टर आणि चित्रकार अशा तीन वेगवेगळ्या पेशांतली ही माणसे आहेत. छायाचित्रण हा त्यांच्यापैकी कोणाचाही मूळ धंदा नव्हता.

मग माणसांचे काय? १८५६ ते १८५८ ह्या काळात मुंबईहून एक सचित्र मासिक निघत असे. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन ह्यांनी काढलेल्या त्या मासिकाच्या नावातच भारतातील हौशी छायाचित्रकारांचा उल्लेख होता. त्याच्या अंकांत मूळ छायाचित्रे चिकटवलेली असत आणि त्यांत पश्चिम भारतातील वेषभूषा व माणसांचे नमुने ह्यांची एक मालिका होती. वरवर पाहता येथे रोजचे जीवन कॅमेऱ्यासमोर आले असे वाटते. पण ती चित्रे न्याहाळली म्हणजे दिसते की त्यांत जाती आहेत, धंदे आहेत, पागोट्यांचे व पातळांचे प्रकार आहेत. नाव असलेला माणूस मात्र क्वचितच आहे. जॉन्सन ह्यांनी १८६३ व १८६६ साली मुंबईतील जातिजमातींवर दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांतील पुष्कळ चित्रांत माणसे एका ठिकाणी टिपून त्यांच्यामागे दुसऱ्याच ठिकाणचा देखावा जोडलेला आहे. म्हणजे माणूस खरा, देऊळही खरे. परंतु तो माणूस त्या देवळासमोर कधी उभा राहिलाच असेल असे नाही. १८६८ ते १८७५ ह्या काळात सरकारी आश्रयाने निघालेल्या 'द पीपल ऑफ इंडिया' ह्या आठ खंडांच्या ग्रंथात अनेक हौशी अधिकाऱ्यांनी घेतलेली चित्रे आहेत आणि तेथेही माणूस हा वर्गीकरणाचा एक घटकच आहे. हौशी नजर आपोआप निरागस असते, असा एक गोड समज आहे. त्याला ह्या ग्रंथांतच पहिला छेद मिळतो.

दुसरा आणि अधिक कठोर छेद मद्रास इलाख्यात मिळतो. तेथील घोडदळातील अधिकारी विलोबी वॉलेस हूपर हे निष्णात हौशी छायाचित्रकार होते. १८७६ ते १८७८ ह्या दुष्काळात त्यांनी उपासमारीने हाडांचे सापळे झालेल्या माणसांना ओळीने बसवून त्यांची छायाचित्रे घेतली. ती चित्रे आजही त्या दुष्काळाचा अत्यंत महत्त्वाचा पुरावा आहेत. ती नसती तर त्या विपत्तीची भीषणता आकड्यांतच राहिली असती. पण ती पाहताना मन दुभंगते, कारण मरणाच्या दारातल्या माणसांना चौकटीत नीट बसवण्यासाठी कोणी तरी थांबला होता हेही त्याच चित्रांत दिसते. १८८६ साली ब्रह्मदेशात बंदुकींनी देहान्त शिक्षा दिली जात असताना छायाचित्रे घेतल्याबद्दल ह्याच हूपर ह्यांची चौकशी झाली आणि त्यांना ठपका मिळाला. कॅमेरा ज्याच्या हाती आहे त्याचा समोरच्या माणसाशी संबंध कोणता, हा प्रश्न छायाचित्राच्या अभ्यासात सर्वांत आधी विचारावयास हवा, तो ह्याकरिताच. छायाचित्रण संस्थांच्या अंतर्गत व्यवहारातही ह्या संबंधाची चाहूल लागते. बंगालच्या संस्थेत थोर पंडित राजेंद्रलाल मित्र हे कोषाध्यक्ष होते. १८५७ साली त्यांनी मळेवाल्या गोऱ्यांवर जाहीर भाषणात टीका केली, तेव्हा संस्थेने त्यांना सभासदत्वावरून दूर केले. त्यामुळे इतर भारतीय सभासदही तिच्यातून बाहेर पडले. काचेवरची प्रतिमा घेण्यात वंशभेद आड येत नव्हता. सभेच्या टेबलाभोवती मात्र तो ठाण मांडून बसलेला होता.

कॅमेरा भारतीयांच्या हाती आल्यावर नजर बदलली काय? ह्या प्रश्नाचे उत्तर सरसकट देता येत नाही. जयपूरचे महाराज सवाई रामसिंग दुसरे ह्यांनी स्वतः कॅमेरा हाताळला. राजवाड्यातील स्त्रियांची छायाचित्रे घेतली आणि निरनिराळ्या वेषांत स्वतःचीही घेतली. पडद्यामागच्या स्त्रिया तेथे वर्णनाचा विषय न राहता कॅमेऱ्याकडे थेट पाहणाऱ्या व्यक्ती झाल्या आहेत. अर्थात ती नजर राजाची आहे हे विसरून चालणार नाही. त्यांना नकार देण्याची मुभा त्या स्त्रियांना कितीशी असणार?

आपल्या मध्य भारतातले उदाहरण ह्याहून बोधप्रद आहे. १८४४ साली मेरठजवळच्या सरधना येथे जन्मलेले लाला दीनदयाळ हे रुडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून १८६६ साली इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीस लागले. अंदाजपत्रके करणे व नकाशे आखणे हे त्यांचे काम होते. १८७४ च्या सुमारास त्यांनी केवळ आवडीने कॅमेरा हाती घेतला. तुकोजीराव होळकर दुसरे आणि ब्रिटिश अधिकारी सर हेन्री डेली ह्यांनी त्यांना उत्तेजन दिले. १८८२ पासून सर लेपल ग्रिफिन ह्यांच्याबरोबर त्यांनी ग्वाल्हेर, सांची, खजुराहो ह्या परिसराचा दौरा केला आणि त्या छायाचित्रांचा ग्रंथ १८८६ साली प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास त्यांनी नोकरी सोडली, सहाव्या निजामाच्या दरबारी छायाचित्रकार झाले, सिकंदराबाद येथे आणि पुढे मुंबईत स्टुडिओ उघडले. १८९२ साली हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी स्टुडिओ काढला आणि त्याचा कारभार स्त्री छायाचित्रकाराकडे सोपविला. निजामाने त्यांना 'मुसव्विर जंग' हा किताब दिला. इंदूरच्या एका कारकुनी टेबलावरचा छंद हैदराबादेत राजमान्य व्यवसाय झाला.

ह्या परिवर्तनात काय मिळाले आणि काय गमावले, हे तपासून पाहण्यासारखे आहे. मिळाले ते उघड आहे: संस्थानी भारताच्या दरबारांचे, वास्तूंचे आणि सोहळ्यांचे इतके सुबक दर्शन अन्यत्र दुर्मिळ आहे. दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात त्यांच्या काचेच्या निगेटिव्हांचा मोठा संग्रह सुरक्षित आहे. पण ज्याचे चित्र काढावयाचे तोच पैसे देणारा झाला की तो कसा दिसावा हेही तोच ठरवितो. वाघाची शिकार झाल्यावरचा पवित्रा, भोजनाच्या सजवलेल्या मेजाची रचना, खुर्चीच्या हातावर विसावलेला हात ह्या साऱ्यात ठरवून दिसणे आहे. सकाळी पाणी भरणारा माणूस, फोडणी देणारी बाई, गृहपाठ चुकविणारा मुलगा ह्यांना तेथे प्रवेश नाही. कारण त्यांच्यासाठी पैसे कोण देणार?

त्यांना प्रवेश मिळाला तो यंत्र स्वस्त झाल्यावर. १८७१ साली इंग्रज डॉक्टर रिचर्ड मॅडॉक्स ह्यांनी कोरड्या काचेची पद्धत सुचविली आणि तंबूची दगदग संपण्याचा मार्ग खुला झाला. १८८८ साली अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन ह्यांनी कोडॅक कॅमेरा विक्रीस आणला. त्यात शंभर चित्रांची गुंडाळी भरलेली असे आणि ती संपली की कॅमेरा तसाच कारखान्याकडे पाठवावयाचा. तेथून चित्रे तयार होऊन नव्या गुंडाळीसह तो परत येई. त्याची किंमत २५ डॉलर होती. १९०० साली ह्याच कंपनीने ब्राउनी हा पेटीसारखा कॅमेरा एका डॉलरला काढला आणि तो मुलांसाठी म्हणून खपविला. 'स्नॅपशॉट' हा शब्द मुळात शिकारीच्या भाषेतला. नेम न धरता चटकन झाडलेली गोळी, असा त्याचा अर्थ. १८६० साली शास्त्रज्ञ जॉन हर्शेल ह्यांनी तो छायाचित्राला लावला, तेव्हा ती एक कल्पनाच होती. ब्राउनीने ती घरोघरी खरी करून दाखविली. नेम न धरता घेतलेल्या चित्रात जे येते ते ठरवून घेतलेल्या चित्रात येत नाही, आणि रोजच्या जगण्याच्या इतिहासकाराला नेमके तेच हवे असते.

ह्या नव्या हौशी माणसाची दोन भारतीय उदाहरणे येथे पुरेशी आहेत. पहिले उमराव सिंग शेरगिल (१८७०–१९५४) ह्यांचे. संस्कृत व फारसीचे हे व्यासंगी गृहस्थ आपल्या हंगेरियन पत्नीची आणि मुलींची, तसेच स्वतःचीही, छायाचित्रे अनेक दशके घेत राहिले. बुडापेस्ट, सिमला आणि पॅरिस येथील घरे, पियानोजवळची पत्नी, पुस्तकांत बुडालेले स्वतः, वाढत्या वयाच्या मुली असा तो एका कुटुंबाचा दीर्घ रोजनामा आहे. त्या मुलींतली थोरली अमृता (१९१३–१९४१) पुढे थोर चित्रकार झाली, म्हणून त्या संग्रहाकडे जगाचे लक्ष गेले. ती तशी झाली नसती, तरी दोन संस्कृतींत जगणाऱ्या एका घराचा पुरावा म्हणून त्याचे मोल कमी झाले नसते. फक्त तो कोणी जपला असता की नाही हे सांगता येत नाही.

दुसरे उदाहरण मनोबिना रॉय ह्यांचे. १९१९ साली जन्मलेल्या मनोबिना आणि देबलिना ह्या जुळ्या बहिणी काशीजवळच्या रामनगर येथे वाढल्या. त्या बारा वर्षांच्या झाल्या तेव्हा शिक्षकी पेशातील त्यांच्या वडिलांनी दोघींना एकेक साधा कॅमेरा दिला आणि चित्र टिपण्यापासून ते उमटविण्यापर्यंतची सारी विद्या घरीच शिकविली. दोघी संयुक्त प्रांतातील हौशी छायाचित्रकारांच्या संस्थेच्या सभासद झाल्या. मनोबिना ह्यांचा विवाह चित्रपट-दिग्दर्शक बिमल रॉय ह्यांच्याशी झाला आणि पुढे त्या मुंबईस आल्या. 'दो बीघा ज़मीन' (१९५३) आणि 'मधुमती' (१९५८) ह्यांसारख्या चित्रपटांच्या दिग्दर्शकाचे घर म्हणजे लोकप्रिय कलेच्या राजधानीचा एक चौकच. १९५९ साली लंडनमध्ये असताना त्यांनी तेथील रस्त्यांवरील माणसे टिपली. ह्या घटनेचे महत्त्व वाटते त्याहून अधिक आहे. शंभर वर्षांपूर्वी इंग्रज अधिकारी मुंबईच्या रस्त्यावरील माणसांचे 'नमुने' गोळा करीत होता; आता साडी नेसलेली एक गृहिणी लंडनच्या फुटपाथवर उभी राहून तेथील म्हाताऱ्यांकडे, मुलांकडे आणि वाटसरूंकडे पाहत होती. तिने त्यांचे वर्गीकरण केले नाही. घरच्या माणसांकडे पाहावे तसे तिने त्यांच्याकडे पाहिले.

हौशी छायाचित्रण आणि लोकांची करमणूक ह्यांचा संबंध आपल्या मराठी मुलुखात तर आणखी जुना आहे. मुंबईत छायाचित्रणाचा व्यवसाय करणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा ह्यांनी चलच्चित्रणाचे यंत्र मागवून १८९९ साली हँगिंग गार्डनमधील कुस्तीचे चित्रण केले. माकडे शिकविणारा मनुष्य हाही त्यांचा एक विषय होता. १९०१ च्या डिसेंबरात रँग्लर परांजपे परदेशाहून परतले, तेव्हाचे त्यांचे स्वागतही त्यांनी टिपले. कुस्ती, माकडवाला आणि विद्वानाचे स्वागत ह्या तिन्हींत तेव्हाचे सार्वजनिक जीवन सामावले आहे. वडोदऱ्याच्या कलाभवनात शिकलेल्या धुंडिराज गोविंद फाळके ह्यांनीही पोट भरण्यासाठी काही काळ गोध्रा येथे छायाचित्रांचे दुकान चालविले होते. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'पूर्वी त्यांनी कुंडीतल्या रोपाची रोजची वाढ चित्रित करून एक लहानसा चित्रपट बनविला. तो प्रयोग हौशी माणसाच्या चिकाटीचाच होता. आणि खालच्या थरावर पाहिले तर जत्रेतील मांडवात रंगविलेल्या पुठ्ठ्याच्या मोटारीत किंवा विमानात बसून काढून घेतलेली छायाचित्रे, पंढरपूरसारख्या क्षेत्री विठ्ठल-रखुमाईच्या पडद्यासमोर हात जोडून उभी असलेली जोडपी, नटनट्यांसारखा केसांचा कोंबडा काढून बसलेले तरुण हे सारे त्याच प्रवाहातले आहे. चित्रकार येथे धंदेवाईक आहे, पण हौस समोर बसणाऱ्याची आहे. माणूस काय होता ह्याइतकेच त्याला काय व्हावेसे वाटत होते, हेही इतिहासाला हवे असते. ती माहिती पुठ्ठ्याच्या विमानाइतकी प्रामाणिकपणे कोणताही दस्तऐवज देत नाही.

आता पद्धतीविषयी. घरगुती छायाचित्र वाचताना मधल्या माणसांपेक्षा कडांकडे अधिक लक्ष द्यावे. लग्नाच्या चित्रात नवरा-नवरी सर्वत्र सारखीच असतात. परंतु मागच्या भिंतीवरील दिनदर्शिका, दारावरच्या पाटीची लिपी, कोपऱ्यातला पाण्याचा हंडा, रेडिओवर घातलेले विणलेले आवरण, खुर्चीवर कोण बसले आहे आणि जमिनीवर कोण, ह्या गोष्टी चित्र घेणाऱ्याने मुद्दाम टिपलेल्या नसतात, म्हणूनच त्या विश्वासार्ह असतात. दुसरे असे की आल्बम हा निवडलेला इतिहास असतो. बारसे, मुंज, लग्न, सहल आणि स्नेहसंमेलन त्यात असते; भांडण, कर्ज, आजार आणि बेकारी त्यात नसते. प्रवासाचे चित्र ताजमहालासमोर असते. तिसऱ्या वर्गाच्या डब्यातले रात्रभरचे अवघडलेपण त्यात नसते. तिसरे, जो चित्र घेतो तो चित्रात नसतो. अनेक घरांत वडील आल्बमभर दिसत नाहीत, कारण कॅमेरा त्यांच्या हाती होता. आणि घरात राबणारी मोलकरीण दिसत नाही, कारण तिला चौकटीबाहेर उभे राहण्यास सांगितले होते. पहिली अनुपस्थिती अधिकाराची असते, दुसरी अधिकार नसल्याची. दोन्ही सारख्याच दिसतात म्हणून त्यांना सारखे मानण्याची चूक अभ्यासकाने करू नये.

ह्या साहित्याचे टिकणे केवढे योगायोगावर अवलंबून असते, ह्याचे उदाहरण अमेरिकेतले आहे. शिकागोत दुसऱ्यांच्या घरी मुले सांभाळण्याचे काम करणाऱ्या व्हिव्हियन मायर (१९२६–२००९) ह्यांनी फावल्या वेळात लाखाहून अधिक चित्रे घेतली आणि ती जवळजवळ कोणालाच दाखविली नाहीत. गोदामाचे भाडे थकले म्हणून २००७ साली त्यांचे सामान लिलावात निघाले आणि ते घेणाऱ्यांमुळे जगाला ह्या हौशी स्त्रीची ओळख झाली. लिलावाऐवजी ते सामान कचऱ्यात गेले असते, तर विसाव्या शतकातील शहरी जीवनाचा एक अपूर्व संग्रह नाहीसा झाला असता आणि तो नाहीसा झाला हेही कोणास कळले नसते.

आता आपल्याकडे वळू. हैदराबाद, इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, बेळगाव, गोवे ह्या ठिकाणच्या मराठी समाजाचा राजकीय इतिहास लिहिला गेला आहे. शिंदे, होळकर, गायकवाड ह्यांची दप्तरे आहेत, संस्थांचे अहवाल आहेत. पण १९४८ चे हैदराबादचे विलीनीकरण, १९५६ ची राज्यपुनर्रचना, १९६१ ची गोव्याची मुक्ती ह्या घटनांच्या आगेमागे ह्या समाजाचे रोजचे जगणे कसे होते? दुकानांच्या पाट्या कोणत्या लिपीत होत्या? मराठी शाळेच्या वर्गात मुली किती बसत? गणेशोत्सवाच्या मेळ्यात शेजारचे तेलुगू, कन्नड वा हिंदी भाषक येऊन बसत काय? ज्या राज्याची भाषा आपली नाही त्या राज्याचे अभिलेखागार ह्या प्रश्नांची उत्तरे हेतूपूर्वक साठवील अशी अपेक्षा करणे योग्य नाही. आणि महाराष्ट्राचे अभिलेखागार त्याच्या सीमेबाहेर सहसा पाहत नाही. दोहोंच्या मधल्या ह्या समाजाचा पुरावा त्याच्याच कपाटात आहे. काळ्या जाड कागदांच्या, चारी कोपऱ्यांना कागदी खाचा लावलेल्या जुन्या आल्बमांत तो आहे. वडोदऱ्यात तयार होणाऱ्या आग्फा क्लिक-तीन ह्या एका गुंडाळीवर बारा चित्रे घेणाऱ्या साध्या कॅमेऱ्याने पुढच्या पिढीने जी चित्रे घेतली, त्यांतही तो आहे. घरे विकली जातात, मुले परगावी वा परदेशी जातात, आणि आल्बम रद्दीच्या वजनात मोजला जातो. तसे झाले की त्या घराचाच नव्हे, त्या गल्लीचाही एक साक्षीदार जातो.

येथे एक विपरीत वाटणारी वस्तुस्थिती सांगितली पाहिजे. आजोबांच्या काळची कृष्णधवल चित्रे नीट धुतलेली असतील, तर चांदीच्या कणांमुळे ती दीर्घकाळ टिकतात. १९७० ते १९९० च्या दरम्यानची रंगीत चित्रे मात्र त्यांतले रंग विरून तांबूस पडत चालली आहेत. चिकट पानांच्या आल्बमांतील गोंद चित्रांना खातो. जुन्या फिल्मला शिरक्यासारखा आंबट वास येऊ लागला, तर तिचा नाश सुरू झाला असे समजावे. आणि त्यापुढची, मोबाइल फोनमधली चित्रे तर संख्येने अगणित असून नावाने पोरकी आहेत. म्हणजे जे अलीकडचे, ते अधिक धोक्यात आहे.

ह्यावर उपाय खर्चिक नाही. वेळेचा मात्र आहे. चित्रातल्या व्यक्तींना ओळखणारी माणसे वयाच्या ऐंशीत, नव्वदीत आहेत. ज्याचे नाव ती सांगू शकतात ते नाव त्यांच्यानंतर कोणत्याही यंत्राने सांगता येणार नाही. म्हणून शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांना एक साधे काम द्यावे: घरातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ जुना आल्बम घेऊन बसावे, प्रत्येक चित्रासाठी कोण, कोठे, केव्हा, कशानिमित्त आणि कॅमेरा कोणाच्या हाती होता, हे पाच प्रश्न विचारावेत, उत्तरे वहीत चित्राच्या क्रमांकासह लिहावीत आणि चित्राच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलीने, दाब न देता, फक्त तो क्रमांक घालावा. शाईचे पेन वापरू नये. चिकटलेले चित्र ओढून काढू नये, त्याची जागच्या जागी प्रत घ्यावी. वृद्धांना नाव आठवत नसेल तर तसेच नोंदवावे, अंदाजाने भरू नये. आणि कुटुंबाला जे जगापुढे आणावयाचे नाही ते आणू नये. मुंबईच्या पहिल्या हौशी मंडळींनी समोरच्या माणसाची संमती विचारली नव्हती, तेवढी तरी सुधारणा आपण करावयास हवी.

साहित्यसंस्थांनी ह्या वह्यांना आपल्या ग्रंथालयात, पुस्तकांच्याच मानाने, एक कपाट द्यावे. हस्तलिखितांचा शोध घेत गावोगाव हिंडणाऱ्या विद्वानांच्या मागील पिढ्यांनी कोनाड्यांतून व माळ्यांवरून जुन्या पोथ्या मिळवून मराठी वाङ्मयाचा इतिहास उभा केला. त्या वेळी ती कामगिरी अनेकांना क्षुल्लक वाटली असेल. पोथीत लेखकाचे नाव आणि लेखनाचा शक लिहून ठेवण्याची आपली रीत होती, म्हणून ते संशोधन शक्य झाले. छायाचित्रांना ती रीत कोणी लावली नाही. ती लावण्याचे काम आता आपल्यावर आले आहे, आणि येत्या सुटीत त्याचा आरंभ करण्यास कोणतीही अडचण नाही.